मधल्या भागाची कॅसेट

पुणे, १२ ऑगस्ट

प्रिय अव्या,

तीन महिन्यांत तुला एक फोन केला नाही, रागावला असशील. माझी शुगर ताब्यात आहे, हिची पाठ अधूनमधून धरते, बाकी ठीक. लिहितोय ते सुहासबद्दल. फोनवर मला हे धड सांगता आलं नसतं.

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदाच त्याच्याकडे गेलो होतो. स्वरयंत्र काढलंय, उशाशी पाटी-पेन्सिल. काय बोलावं सुचेना, म्हणून फोनवर एक व्हिडिओ लावला. लंडनचं हाइड पार्क, २०१७. ग्रीन डे या बँडचा कार्यक्रम सुरू व्हायचाय, स्टेजवर गाणारं कोणी नाही, स्पीकरवर क्वीन बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लागतं आणि समोरची ६५ हजार माणसं ते अख्खं म्हणतात. मधला ऑपेराचा भागसुद्धा! त्यातली निम्मी तरी १९७५ नंतर जन्मलेली असतील. मला वाटलं, सुहास खूश होईल.

'गॅलिलिओ'चा वरचा सूर आला. आपण तिघं म्हणायचो तेव्हाची सुहासची जागा. त्यानं फोन गादीवर पालथा ठेवला आणि खिडकीकडे बघत राहिला. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा पाटीवर लिहिलं, 'झोपतो.' त्याला आता तीन आठवडे झाले. माझे मेसेज वाचतो, उत्तर देत नाही. वहिनी म्हणतात, बरा आहे.

अव्या, मी चुकलो का रे? रोज रात्री तेच डोक्यात येतं.

त्या वरच्या सुरावरून तुमच्या दोघांचं मेसमध्ये आठ दिवस बोलणं बंद होतं, आठवतं? तू म्हणायचास फ्रेडी मर्क्युरीचा, तो म्हणायचा टेलरचा. बरोबर सुहासच होता. क्वीनमध्ये ब्रायन मे खालचा, फ्रेडी मधला, रॉजर टेलर सगळ्यात वरचा. हे तू अजून त्याच्यापाशी कबूल केलेलं नाहीस, आणि आता केलंस तर तो पाटीवर काय लिहील ते मला आत्ताच दिसतंय!

रेकॉर्डिंगच्या वेळी त्या तिघांनी आवाजावर आवाज चढवत १८० च्या आसपास थर दिले. टेप इतकी झिजली की उजेडात धरली तर आरपार दिसायचं, असं मे सांगतो. आणि एवढं करून तो भाग ते स्टेजवर गात नसत. दिवे घालवून आत जायचे आणि टेप लावायचे. पब्लिकला ती टेपच पुरायची. हे मला सुहासला सांगायचं होतं, पण व्हिडिओ आधी लावून बसलो.

मुक्ताचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. ही वहिनींशी बोलेलच. नव्या घराचा ताबा मिळाला का?

आता खरी गोष्ट. काल माळ्यावरची ट्रंक काढली. आपली कॅसेट सापडली, खोली नंबर १४ वाली. नोव्हेंबर १९९१, फ्रेडी गेला त्या आठवड्यातली. महिनाभरात ते गाणं ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या नंबरवर गेलं, आणि कॅम्पातले कॅसेटवाले पारशी काका येईल त्याला सांगत होते, 'अरे, हा फ्रेडी म्हणजे आपला फारोख बलसारा, पाचगणीत शिकलेला!' मग आपण वाईहून एसटीनं पाचगणीला गेलो आणि शाळेबाहेरच्या रस्त्यावर सिल्व्हर ओकखाली तिघांनी मधला भाग म्हटला. घाटात तुला उलटी झाली होती, तरी तू खालचा सूर सोडला नाहीस.

कॅसेटवर बुरशी आहे, पण वाजते. तू उपड्या बादलीवर ताल धरलायस. सुहास तो सूर घेतो आणि तुटत नाही. मग हसतो आणि म्हणतो, 'अव्या, परत. परत घे.' स्पष्ट, त्याचा बोलण्याचा आवाज. मी टेप बंद केली आणि किती वेळ तसाच बसून राहिलो.

ती त्याला द्यायची की नाही? फोनवर उतरवून पाठवावंसं वाटत नाही. ते हातातच द्यायला हवं. पण एकट्यानं न्यायचा धीर मला होत नाही. न्यावी आणि त्यानं पुन्हा पालथी ठेवली तर? न न्यावी, तर त्याचाच आवाज मी दडवून ठेवल्यासारखा होतो.

गणपतीत येणार आहेस ना? आधी माझ्याकडे उतर. दोघं बसून ऐकू, मग तू ठरव. नको म्हणालास तर ट्रंकेत परत ठेवतो. हो म्हणालास तर त्याच संध्याकाळी टेपरेकॉर्डर घेऊन सुहासकडे जाऊ. मी नव्या सेलची जोडी आणून ठेवलीय.

तुझा,
विन्या