ताईच्या फायरिंगविषयी

अमळनेर

प्रिय आप्पा,

काय भो, कसा शे? ताईच्या टार्गेटचे फोटो मिळाले. वहिनी फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, पोरगी सरावाला इतकी छान मारते, मग कॅम्पच्या निवड चाचणीत का घसरते?" फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसलो. वाचून झालं की पत्र तिलाच दे. तुला यातलं निम्मंच कळेल, राग मानू नको.

तू पाठवलेले सगळे कागद तिचे सगळ्यात चांगले निघालेले आहेत. कौतुकाला ठीक, पण मला त्यांचा उपयोग नाही. मला दिवसाचा पहिला कागद पाहिजे. हात बसल्यावर कोणीही मारतं. चाचणीत हात बसायला कोण वेळ देतो? सकाळपासून उन्हात रांगेत बसायचं, नाव पुकारलं की पाच राउंड, म्हणजे पाच गोळ्या, हातात, पोटावर झोपायचा हुकूम "लेटकर पोजिशन" आणि सुरू. चाचणी या पाच राउंडांचीच असते. म्हणून रेंजवर गेल्या गेल्या, काही न करता, पहिले पाच मारायचे. वही काढून तारीख आणि मार्क शाईने लिहायचे, मग वाटेल तो सराव करायचा. त्या पहिल्या कागदाला दुसरी संधी द्यायची नाही. "आज वारा होता, सर", "आज झोप नव्हती", हे वहीत शेजारी लिहायला हरकत नाही, मार्क मात्र तेच राहतील.

एका मार्काची किंमत तिला कळावी म्हणून सांगतो. पॅरिस ऑलिंपिकला, २०२४ ला, आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आधीच्या पात्रता फेरीत, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मिळून ६० गोळ्या, ६०० पैकी त्याचे ५९० झाले आणि तो सातवा आला. फायनलला जातात पहिले आठ. त्याच फेरीत आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर ५८९ करून अकरावा राहिला. सातपुड्याच्या पलीकडचा पोरगा एका मार्काने बाहेर! पेपरवाल्यांनी त्याच्यावर दोन ओळी लिहिल्या असतील नसतील. मला तर पदकाइतकीच ही गोष्ट लक्षात राहिली आहे.

आता फोटोंकडे वळतो. तिचे छेद दोन तऱ्हेचे आहेत. काही कागदांवर पाचही जवळ जवळ, पण बुलच्या, म्हणजे मधल्या गोलाच्या, डाव्या खाली. काहींवर चार एकत्र आणि एक कुठेतरी पळालेली. पहिल्या तऱ्हेची काळजीच करू नको. गठ्ठा घट्ट आहे म्हणजे पोरगी ठीक आहे, साइट (रायफलवरची नेम धरायची खूण) किंवा पॉइंट ऑफ एम (नेम धरायची जागा) बघायचा, ते उस्ताद, म्हणजे तिला शिकवणारे, करतील. तिने आपल्या मनाने उजवीकडे नेम धरायला लागू नये, एवढंच सांग. पळालेली गोळी मात्र तिची स्वतःची आहे. तिथे काम आहे.

मला वाटतं, शेवटच्या क्षणाला तिची नजर बुलवर जाते. सगळ्यांची जाते. हिशोब करून बघ: दोन साइट्समधलं अंतर अर्धा मीटर धरलं आणि फोरसाइटची (नळीच्या टोकाजवळची) टिप बॅकसाइटच्या (डोळ्याकडच्या) खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली, तरी २५ मीटरवर गोळी पाच सेंटीमीटर जाते. उलट टिप खाचेत बरोबर मधोमध ठेवून अख्खी रायफल जराशी सरकली, तर गोळीही तेवढीच जराशी सरकते. म्हणून बुल अंधुक दिसला तरी चालेल, टिप काळी, धारदार दिसली पाहिजे. माणसाचा डोळा दोन्हीकडे एकदम ठरत नाही. एक निवडायचं तर टिप निवडायची.

दुसरं, रायफल आपण होऊन कुठे बघते ते तपासायचं. पोझिशन घे, नेम धर, डोळे मीट, दोन श्वास घे, डोळे उघड. टिप डावीकडे गेलेली असेल तर हाताने ओढून आणायची नाही. डावी कोपर खुंट्यासारखी जागेवर ठेवून कंबर, पाय सरकवायचे, की रायफल स्वतः बुलवर येते. हाताने ओढलेली रायफल ट्रिगरच्या वेळी सुटते, आणि ती चौथी-पाचवी गोळी अशीच पळते. एकाच कागदावर हे दर गोळीला करायला सांग. कंटाळा येईल, येऊ दे.

गोळ्या कमी मिळतात ही तुझी तक्रार खरी, पण ट्रिगर शिकायला गोळी लागत नाही. एक मात्र ध्यानात ठेव: पॉइंट टूटू रायफल रिकामी ठेवून खटखट करायची नाही, फायरिंग पिन चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) काठावर आपटून दोन्ही खराब होतात. उडालेल्या गोळीचा रिकामा खोका घालून करावं, तेही रेंजवर, उस्तादांच्या परवानगीने, आणि रायफल दोघांनी वेगवेगळी बघून. उस्तादांनी फोरसाइटजवळ नळीवर एक नाणं ठेवायचं आणि ताईने ट्रिगर हळूहळू दाबायचा. नाणं पडलं तर झटका दिला. श्वास अर्धा सोडून थांबायचं, पण फार वेळ नाही. डोळ्यासमोर टिप थरथरायला लागली की बोट काढून पुन्हा श्वास घ्यायचा. हट्टाने मारलेली गोळी कधी आत जात नाही, हे मी किती पोरांना सांगितलं असेल! आणि गोळी सुटल्यावर लगेच मान वर करायची नाही. टिप शेवटी कुठे होती ते बघून, कागद बघायच्या आधी, तोंडाने बोलायचं: "चार वाजता, नऊ." म्हणजे घड्याळातल्या चारच्या दिशेला, नऊ मार्कांची. मग कागद बघायचा. बोललेलं आणि लागलेलं जुळायला लागलं की पोरगी स्वतःची उस्ताद झाली समज.

स्नॅप शूटिंगची भीती तिने उगाच घेतली आहे. टार्गेट काही सेकंदच दिसतं, म्हणून ती घाई करते. घाई टिप शोधण्याची करावी, ट्रिगरची नाही. तू भिंतीआडून काठीला पुठ्ठा लावून वर कर, मोबाइलवर वेळ लाव. रायफल घरी आणता येत नाही, तर बांबूच्या तुकड्याला खिळे ठोकून साइट कर, चालेल. आधी सहा सेकंद दे. नेम टिकतो असं ती स्वतः म्हणेल तेव्हाच पाच कर. तू उगाच "चल, आटप" करू नको, तुझी ती सवय मला माहीत आहे.

भरिताची वांगी निघाली की ताईला घेऊन इकडे ये. कळण्याच्या भाकरी आमची माय करते, ते तुला सांगायला नको. तिची वही बरोबर आण, आणि वाईट कागद तर आणच, चांगले घरी राहू दे. वहिनींना नमस्कार. कापसाचं काय ठरवलंस तेही कळव, मी अजून ठेवूनच बसलोय.

तुझा,
बापू