गंगापूर बॅकवॉटरवर भेटलेल्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय. त्या रविवारी नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला निळ्या विंगवर (हातात धरायचं हवा भरलेलं शीड) होतात ते तुम्ही, आणि काठाजवळ सारखी पडत होती ती मी.

आधी मनातलं बोलून घेते. समुद्रावर जाऊन ज्यांच्याकडे फी भरून विंगफॉइलिंग, म्हणजे विंग धरून वाऱ्यावर बोर्ड पाण्याच्या वर उचलून सरकायचं, शिकले त्यांनी मला शेवटपर्यंत एकच ऐकवलं, ताई तुमच्यात बॅलन्सच नाही, आता वयही झालं. ज्याने सेट विकला त्याने मास्ट, म्हणजे ज्याच्या टोकाला पाण्यातला पंख (फॉइल) असतो तो दांडा, बोर्डखालच्या खाचेत (ट्रॅकमध्ये) पार पुढे कसून दिला, वर विंगमध्ये हवा कमीच भरा नाहीतर शिवण उसवेल म्हणाला आणि पैसे मिळाल्यावर फोन उचलणं बंद. मग काय, जरा वर उठलं की बोर्डचं नाक आभाळाकडे, फॉइल पाण्याबाहेर आणि मी धाडकन खाली, आणि मलाही वाटायला लागलं होतं की हे आपल्याच्याने होणार नाही.

तुम्ही बॅलन्सचं नावही काढलं नाहीत. विंगची पुढची नळी अंगठ्याने दाबून बघितलीत, हवेच्या दाबाचा मीटर लावला तर जेमतेम चार पीएसआय, आणि विंगवर छापलंय सात. अशी लुळी नळी वाऱ्याच्या झोतात वाकणारच हो, तुमचा काय दोष, असं म्हणालात ना, तिथेच मला रडू येत होतं. मग मास्ट दोन बोटं मागे घेतलात आणि परत सापडावं म्हणून ट्रॅकच्या कडेला मार्करने बारीक रेघ मारून दिलीत. ती रेघ अजून आहे.

पण खरं सांगू, माझ्या मनात बसलंय ते वेगळंच. त्र्यंबकच्या बाजूने वारा वाढत चालला होता, माझी पाच चौरस मीटरची विंग मला आवरेना, तेव्हा तुम्ही स्वतःच्या मनगटाचा लीश (विंग सुटून जाऊ नये म्हणून बांधायची दोरी) सोडून माझ्या मनगटाला बांधलात आणि तुमची चार चौरस मीटरची विंग हातात दिलीत. आपल्याकडे असा वारा रोज मिळतो का! तुम्ही त्याच्यासाठी एवढे लांबून आलेले, आणि तासभर काठावरच्या दगडांवर माझी विंग उडू नये म्हणून धरून बसलात. तिथूनच ओरडत होतात, वजन पुढच्या पायावर, झोत आला की मागचा हात सैल, नजर पलीकडच्या काठावर! आणि उठले ना मी दादा, बोर्डखालचा पाण्याचा आवाज एकदम बंद झाला आणि मी नुसती सरकत राहिले, बरंच लांब.

चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रोइंगमध्ये रिओ ऑलिंपिकला जाऊन आला, तरी आपल्याकडे बाईने पाण्यात उतरायचं म्हटलं की लोक आधी हसतात. तुम्ही हसला नाहीत. फी घेऊन हिणवणारे भेटतात आणि ओळखदेख नसलेला माणूस स्वतःचा वारा देऊन जातो, अशी माणसं आहेत म्हणून तर नवीन काही शिकायची हिंमत होते.

हे वाचलंत तर कळवा. पुढच्या वाऱ्याला आलात की आमच्याकडेच उतरायचं, हॉटेल बघायचं नाही. वहिनींना आणि मुलांनाही आणा.