कॅमेरा विडीच्या ब्रँचवर आणा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत डोळ्याचा फोटो काढून मधुमेहाचा दुष्परिणाम ओळखणाऱ्या एआय कॅमेऱ्याविषयी लेख आला होता. लेख चांगला होता, मथळ्याने मात्र घोटाळा केला. माझे सोलापूरच्या पूर्व भागात चष्म्याचे दुकान आहे. त्या आठवड्यात गिऱ्हाइके विचारू लागली, ‘काय ओ, रक्त न काढता शुगर सांगणारं मशीन तुमच्याकडं आलं का?’ तसले मशीन नाही ते. रक्तातली साखर किती, हे कॅमेरा सांगत नाही. ती रक्तातच बघावी लागते. साखरेने डोळ्याच्या मागच्या पडद्याचे काय केले आहे, एवढेच त्याला दिसते. मी डॉक्टर नाही, पण नंबर काढताना जे रोज बघतो त्यावरून लिहितो आहे.

पडद्यावरच्या रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की त्या कमकुवत होतात आणि उजनीच्या जुन्या जलवाहिनीसारख्या जागोजागी पाझरू लागतात. पुढे काहींच्या डोळ्यांत नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि एखाद्या दिवशी त्यातून रक्त सांडून डोळ्यासमोर काळे जाळे येते. तोवर बऱ्याच जणांना काहीही जाणवत नाही. माझ्या दुकानातल्या पाटीची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्याचाही पडदा खराब असू शकतो. चष्म्याचा नंबर आणि पडदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगूनही पटत नाही. सारखा नंबर बदलतोय म्हणून जे येतात, त्यांना मी आधी शुगर तपासायला पाठवतो. साखर वरखाली झाली की डोळ्यातले भिंग फुगते आणि नंबर तात्पुरता हलतो. ती काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय नवा चष्मा करणे म्हणजे पैसे पाण्यात. (यामुळे माझा धंदा बुडतो असे घरचे म्हणतात.)

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. ही पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी साधारण १२.५ टक्क्यांच्या पडद्यावर परिणाम झालेला असतो, असे दुसऱ्या एका देशव्यापी अभ्यासात दिसले. मोठेपणी होणाऱ्या, म्हणजे टाइप २ मधुमेहात निदान झाल्याबरोबर पडदा तपासायचा आणि पुढे दरवर्षी तपासत राहायचे, असा साधा नियम आहे. कारण साखर सापडते त्याच्या कितीतरी आधीपासून ती वाढलेली असू शकते.

मग लोक तपासत का नाहीत? अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. विडी वळणाऱ्या बाईला विचारा, ती वेगळेच कारण सांगेल. पडदा बघायचा तर डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात. पुढचे चार-सहा तास जवळचे नीट दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही. एप्रिल-मे महिन्यांतले सोलापूरचे ऊन आणि मोठी झालेली बाहुली, काय होते ते ज्याने सोसले त्यालाच माहीत. रात्री भिजवलेले पान सकाळी साच्यावर धरून कातरायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा, सगळे काम नजरेचे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचे शब्द असे: ‘थेंब टाकले की दिवस गेला. पान कोण कातरनार? नापास झालेल्या विड्यांचे पैसे डॉक्टर देनार का?’ यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या कामगाराचे आणि कांडी भरणाऱ्या बाईचेही हेच गणित.

म्हणून मला वाटते, या नव्या कॅमेऱ्याचे सोलापूरला खरे मोल एआयमुळे नाही. बऱ्याच जणांचा फोटो तो थेंब न टाकता काढतो, हे त्याचे मोल. दिवसाची मजुरी बुडत नाही. आपल्या लेखात ही गोष्ट एका ओळीत उरकली होती आणि एआयचे कौतुक दोन रकाने होते.

एआयला मी नावे ठेवत नाही. २०१६ मध्ये गुगलच्या संशोधकांनी सव्वा लाखाहून अधिक फोटोंवर ही प्रणाली शिकवली. त्यासाठी अमेरिकेतल्या फोटोंबरोबर मदुराईचे अरविंद, चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि बंगळूरचे नारायण नेत्रालय इथलेही फोटो घेतले होते. तज्ज्ञाशिवाय निकाल देणाऱ्या अशा पहिल्या यंत्राला अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली. त्याचे निकाल दोनच: नेत्रतज्ज्ञाकडे जा, किंवा बारा महिन्यांनी पुन्हा या.

पण थायलंडमध्ये हीच गुगलची प्रणाली साध्या दवाखान्यांत लावली तेव्हा पाचातला एक फोटो तिने नाकारला, कारण खोलीत पुरेसा अंधार नव्हता. इंटरनेट मंद होते ते वेगळेच. रुग्ण खोळंबले आणि डोळे ठीक असलेल्यांनाही ‘पुन्हा तपासा’ म्हणून लांबच्या दवाखान्याचा रस्ता दाखवायची वेळ आली. आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये, उघड्या दाराशी टेबल मांडून कॅमेरा ठेवला तर वेगळे काही होणार नाही. शिवाय वयाने बाहुली बारीक झालेल्यांना आणि मोतीबिंदू असलेल्यांना थेंब टाकावेच लागतील. हे आधी सांगितले नाही तर ‘मशीन फसवं आहे’ अशी बोंब व्हायला एक दिवस पुरतो.

शिबिरांबद्दल बोलायलाच हवे. फ्लेक्स लागतो, सत्कार होतात, शे-दोनशे लोकांचे डोळे बघितले जातात. ज्यांना ‘पडदा तपासा’ अशी चिठ्ठी मिळते, त्यांच्यातले किती जण पुढे गेले हे कोणी विचारत नाही. माझ्याकडे चष्म्याची काडी बसवायला आलेल्या एका बाईच्या पर्समधून अशी घड्या पडलेली चिठ्ठी निघाली होती, शिबिराला कित्येक महिने उलटल्यावर. लेझरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने उरलेली नजर बहुतेकांची वाचवता येते. गेलेली परत मिळेलच असे नाही. त्यामुळे इथला उशीर महागात पडतो. इंजेक्शनचे नाव काढताच लोक घाबरतात, खर्चालाही. त्यातले एक औषध मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी आलेले. तुलनेने स्वस्त पडते म्हणून डोळ्यांसाठी देशभर वापरले जाते.

दुसऱ्या टोकाला शहरात आता दंडावर साखर मोजणारी चकती लावून फिरणारे दिसतात. इन्सुलिन घेणाऱ्यांना तिचा मोठा उपयोग आहे. ती रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते, म्हणून आकडा काही मिनिटे मागे असतो, एवढे ध्यानात ठेवावे. मला नवल याचे वाटते की मोबाइलवर साखरेचा आलेख दाखवणारे हेच लोक, ‘पडदा कधी तपासला?’ म्हटले की गप्प होतात.

माझी सूचना एवढीच. कॅमेरा मोठ्या रुग्णालयात ठेवून लोकांची वाट बघू नये. विड्या जमा करायला बायका ज्या ब्रँचवर रांगेत उभ्या असतात तिथे, विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत, यंत्रमाग कारखान्यांच्या गाळ्यांत तो फिरता ठेवावा. खर्च कोणी करायचा? १९७६ च्या कायद्याने विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला होता. विड्यांवरच्या उपकराचा पैसा त्यात यायचा. जीएसटी आला तसा २०१७ मध्ये तो उपकर बंद झाला. विडीच्या पैशातून विडीवालीच्या डोळ्यांची तपासणी व्हायला हरकत नव्हती. आता महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रे आणि कारखानदार यांनी मिळून मार्ग काढावा. चिठ्ठी देतानाच सिव्हिल हॉस्पिटलमधली तारीख त्याच चिठ्ठीवर लिहून द्यावी, आणि चिठ्ठी मराठीबरोबर तेलुगूतही असावी. आमच्या भागात त्याशिवाय ती वाचली जाणार नाही.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. शिबिराची बातमी छापताना ‘इतक्यांची तपासणी’ याच्या पुढे ‘इतक्यांवर उपचार’ हा आकडाही आयोजकांकडून मागून घ्यावा. मिळाला नाही तर तसे छापावे.

कॅमेऱ्याला अंधारी खोली लागते. माझ्या दुकानामागे नंबर काढायची खोली आहे, पडद्यासकट. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी ती रिकामीच असते. कोणी कॅमेरा आणणार असेल तर भाडे नको, फक्त आदल्या दिवशी कळवावे.

आपला,
पूर्व भागातील एक चष्मेवाला, सोलापूर