वाणिज्यमंत्री साहेब, टॅरिफची झळ दोडामार्गच्या नाक्यापर्यंत पोचते

मा. केंद्रीय वाणिज्यमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून लिहितोय. आमच्या एका अंगाला महाराष्ट्राचा दोडामार्ग आणि चोर्ला घाट चढून गेलं की कर्नाटकातलं खानापूर. राज्यं तीन, पण काजू तोच, पोफळ (सुपारीचं झाड) तीच, नातीगोती तीच आणि बाजारही जवळपास एकच. अमेरिकेच्या टॅरिफच्या, म्हणजे आपल्या मालावर तिकडे लागणाऱ्या आयात कराच्या, बातम्या आल्या की कोळंबी, कापड, हिरे यांचं नाव येतं, आणि ते यायलाच हवं, आंध्रातल्या कोळंबीवाल्यांचे नि सुरतच्या कारागिरांचे हाल झालेत हे आम्हालाही दिसतं. पण आमच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण आम्ही अमेरिकेला थेट काहीच विकत नाही. थेट न विकताही आम्हाला फटका कसा बसतो, तेवढं तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हा खटाटोप.

आमची काजूबी फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरपर्यंत येते. नेमकं तेव्हाच पश्चिम आफ्रिकेतलंही पीक निघतं, बेनिन, आयव्हरी कोस्ट, गिनी-बिसाऊ वगैरे. आपल्या देशातल्या कारखान्यांना लागणारी अर्ध्याहून जास्त बी बाहेरून येते, त्यामुळे इथला कारखानदार आमच्या गोणीचा रेट ठरवताना बंदरात उतरलेल्या कंटेनरचा रेट बघूनच बोलतो. आता 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 आणि मग आणखी 25 असं 50 टक्के टॅरिफ लावलं, आणि व्हिएतनामवर लावलं 20. काजूगर विकण्यात व्हिएतनाम जगात पहिला, मग तिकडचा गिऱ्हाईक कुणाकडे जाणार ते सांगायला नको. आपल्या एक्सपोर्टरकडे अडकलेला गर शेवटी देशातच विकावा लागतो, इथं भाव पडतो, आणि तो पडलेला भाव एकेक पायरी उतरत शेवटी बी विकणाऱ्याच्या गळ्यात येतो. पुढे काही शेतमालाला सूट मिळाली, बोलणी सुरू राहिली, ते सगळं आम्ही मोबाइलवर वाचतोच. पण साहेब, टॅरिफ वाढलं की आमचा रेट आठवड्यात खाली येतो आणि टॅरिफ कमी झालं की तो वर चढायला पुढचा हंगाम उजाडतो. मोठा व्यापारी माल गोदामात ठेवून थांबू शकतो, आमच्याकडे मे महिन्यात कौलं परतायची असतात, पोरांच्या फिया असतात, मजुरांचे पैसे द्यायचे असतात. बी वाळवून महिनाभर ठेवणंसुद्धा सगळ्यांना परवडत नाही.

नुसत्या काजूचं असतं तर एक वेळ सोसलं असतं. सुपारीचं बघा. 2023 च्या फेब्रुवारीत तुमच्या खात्याने सुपारीची किमान आयात किंमत, म्हणजे जिच्याहून स्वस्तात माल बाहेरून आणता येत नाही ती, किलोला 251 वरून 351 रुपये केली, त्याबद्दल कुळागरवाले, म्हणजे आमच्याकडचे पोफळीचे बागायतदार, खरोखर आभारी आहेत. पण त्याच्या आदल्या वर्षी भूतानमधून 17 हजार टन हिरव्या सुपारीला ही अट न लावता परवानगी दिली गेली, आणि म्यानमारच्या बाजूने चोरटी सुपारी येतच असते. 351 चा नियम कागदावर आणि सुपारी सीमेपलीकडून, असं झालं की दर आमचाच पडतो. खताची तीच गत. 2025 मध्ये चीनने पाण्यात विरघळणारी खतं काही काळ अडवून धरली, ठिबकवर पोफळी-केळी घेणाऱ्याने ऐन पावसाळ्याच्या तोंडाला काय करायचं होतं? भांडण दोन सरकारांचं, आणि त्यात विकतानाही आम्ही सापडतो नि विकत घेतानाही.

गोव्याला हे नवीन नाही म्हणून जास्त राग येतो. 1878 च्या डिसेंबरमध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी लिस्बनमध्ये एक करार केला. त्यात गोव्याची जकात, अबकारी आणि मिठाचा सगळा कारभार इंग्रजांच्या हातात गेला, बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला 4 लाख रुपये. आमचं मीठ तोवर बैलांच्या तांड्यांवरून घाटावर जायचं. इंग्रजांना आपल्या मिठावरचा कर बुडू द्यायचा नव्हता म्हणून इथली मिठागरं आवळली गेली, कित्येक बंद पडली, आणि आगरांत राबणारी माणसं पोट घेऊन मुंबईला गेली. करार 1892 मध्ये संपला पण गेलेली माणसं काही परत आली नाहीत. पोर्तुगीज तिजोरीला तिचे 4 लाख मिळाले, मिठागरवाल्याला काय मिळालं? त्याला लिस्बनमध्ये कुणी विचारलंही नव्हतं. पुढे 1955 च्या सुमाराला भारताने पोर्तुगीज गोव्याची केलेली आर्थिक नाकेबंदी आमच्या आजीआजोबांनी सोसली, हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा खाऊनपिऊन दिवस काढले. ती मुक्तीसाठी होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण सीमा बंद झाली की आधी कुणाच्या घरात कळतं हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आता सीमेचीच गोष्ट सांगतो, ती दिल्लीतून दिसत नसावी. गोवा सरकार काजूबीला आधारभूत किंमत देतं, 2023 मध्ये ती किलोला 125 वरून 150 केली, बाजारात त्याहून कमी मिळालं तर फरक सरकार भरतं. पलीकडे सिंधुदुर्गात महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये किलोला 10 रुपये अनुदान जाहीर केलं. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन उतारांवर दोन भाव! पलीकडच्या विर्डीच्या शेतकऱ्याची बी आणि आमच्या केरीच्या शेतकऱ्याची बी यांत चवीचा, आकाराचा काही फरक नाही, फरक फक्त त्याच्या जमिनीच्या कागदावर कुठल्या राज्याचा शिक्का आहे याचा. रेट पडला की पलीकडचा माल अलीकडे येतो, मग तपासण्या, संशय, शेजाऱ्याशेजाऱ्यांत कुरबुरी. यात मला दोष ना त्या शेतकऱ्याचा वाटतो ना राज्य सरकारांचा, त्यांनी आपापल्या परीने काहीतरी केलंय. झळ सगळीकडे सारखीच बसते आणि मलम मात्र राज्याराज्यांत वेगळं, हे केंद्रानेच सोडवायला हवं.

काजू केंद्राच्या हमीभावाच्या यादीत नाही, खोबरं आहे. यादीत नसलेल्या पिकांसाठी कृषी खात्याची मार्केट इंटरव्हेन्शन स्कीम आहे, म्हणजे भाव पडला की सरकारने माल खरेदी करायची योजना, तिच्यात खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा करतात, पण मागणी राज्याने करावी लागते. गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक अशी तीन राज्यं तीन वेगवेगळ्या वेळी फाइल पाठवणार आणि तोवर हंगाम संपणार. तुम्ही कृषिमंत्र्यांशी बोलून या पट्ट्यासाठी तिघांचा मिळून एकच प्रस्ताव आधीपासून तयार ठेवा ना. टॅरिफमुळे भाव ठरावीक टक्क्यांनी घसरला की खरेदी सुरू, परत अर्ज-विनंत्या नकोत.

दुसरं म्हणजे काजूगराची किमान आयात किंमत 2019 मध्ये ठरली, तुकड्याला 680 आणि अख्ख्याला 720 रुपये किलो, आणि त्याच वर्षी आयात शुल्क 45 वरून 70 टक्के केलं. चांगलं केलं. पण पशुखाद्य म्हणून, भाजलेला काजू म्हणून गर आत येतो अशी ओरड कारखानदारच वर्षानुवर्षं करतायत, तेव्हा 2019 चे आकडे आजच्या खर्चाशी ताडून बघा आणि बंदरावर तपासणी कडक करा. अमेरिका असो, युरोप असो की आसियान हा आग्नेय आशियाई देशांचा गट, कुठल्याही कराराच्या टेबलावर काजूगर आणि सुपारी सवलतीच्या यादीत टाकू नका, इतकीच विनंती.

आणि पाकिटावर बी कुठल्या देशातली ते लिहिणं सक्तीचं करा. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, त्याचा अभिमान आहेच, पण म्हापसा, पणजी, कळंगुटला पर्यटक ‘गोवन काजू’ म्हणून जे पाकीट घेऊन जातो त्यातली बी सत्तरीची की आफ्रिकेची हे त्याला कळायला मार्ग नाही. कळलं तर तो किलोला शंभर रुपये जास्त द्यायला तयार होईल, माझी खात्री आहे, आणि अमेरिकेने उद्या काहीही केलं तरी निदान हा गिऱ्हाईक आमच्या हातात राहील.

करार करण्याआधी तुम्ही निर्यातदारांच्या संघटनांना बोलावता, एकदा बागायतदारांनाही बोलवा. नवा हंगाम सुरू होण्याआधी एक बैठक घ्या, वाळपईला घ्या किंवा दोडामार्गला, तिन्ही राज्यांतले शेतकरी येतील, बसायची सोय आम्ही करू. तुमच्या ऑफिसकडून तारीख तेवढी कळवा.

आपला,
सत्तरीतला एक काजू बागायतदार