जाधवांचं पहिलं नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलगी वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला नोकरीला आहे, म्हणून गेल्या उन्हाळ्यात दोन महिने तिकडे राहून आले. समुद्राकाठचं एवढंसं गाव. पडक्या किल्ल्याच्या टोकाला महायुद्धाचं स्मारक आहे, मारिओ रुतेल्ली या इटालियन शिल्पकाराने केलेलं, 1923 मधलं. वर पंखवाली विजयदेवता आणि पायथ्याशी गुंत्यातून बाहेर पडणारी एक विवस्त्र बाई. ती म्हणे युद्धातून सुटणारी माणुसकी. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मी नजर वळवली. मग रोज संध्याकाळी तिथेच बसू लागले, नावं वाचत. जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, पुन्हा जोन्स. त्यांच्याकडे आडनावं मोजकीच, त्यामुळे पहिल्या नावाला फार किंमत.

एकदा मुलीने ट्राउसव्हनिध या खेड्यात नेलं. तिथला मेंढपाळ कवी एलिस इव्हान्स, टोपणनाव हेध विन, 31 जुलै 1917 ला बेल्जियममध्ये मारला गेला. सप्टेंबरात आइस्टेडफॉड या त्यांच्या साहित्यमेळ्यात त्याच्या कवितेला मानाची खुर्ची मिळाली. कवीला पुकारलं, कोणी उठलं नाही. खुर्चीवर काळं कापड घातलं. गावातल्या त्याच्या पुतळ्याचं अनावरण 1923 मध्ये त्याच्या आईने केलं. पुतळा शिपायाचा नाही, मेंढपाळाचाच.

परत आले आणि आजोबांचं पदक ट्रंकेतून काढलं. ते ग्वाल्हेरच्या पायदळात होते, 1914 मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाच्या मोहिमेवर गेले होते. पदकाच्या कडेला नंबर आणि नाव कोरलंय, भिंगाशिवाय वाचता येत नाही. दसऱ्याला शस्त्रपूजेत ते पाटावर असायचं, तेव्हा आजी हटकून म्हणायची, "दानाओळीतले जाधव यांच्याबरोबर गेले, ते परतले नाहीत." पहिलं नाव तिने कधी घेतलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी त्या युद्धात 'लॉयल्टी' हे इस्पितळ-जहाज दिलं, हे मात्र आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक!

त्याआधीचं तर विचारूच नका. 29 डिसेंबर 1843 ला महाराजपूर आणि पनिहार इथे शिंद्यांची फौज इंग्रजांशी लढली. तिथे पडलेल्या इंग्रजांचं स्मारक कोलकात्यात हुगळीकाठी उभं आहे, आणि त्याला धातू कुठला, तर आपल्याच जिंकून नेलेल्या तोफा वितळवून काढलेला. आपल्या गोलंदाजांची नावं कुठे आहेत? राजेमहाराजांच्या समाध्यांवरच्या छत्र्या देखण्या आहेत, दरवर्षी पाहुण्यांना मीच दाखवायला नेते. पण वीरगळ उभारणाऱ्यांच्या वंशजांनी साध्या शिपायासाठी एक पाटीही लावू नये?

सरकारकडे अर्ज करा, असं एकाने सुचवलं. त्यात माझं उरलेलं आयुष्य जाईल. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या ट्रंका, देवघरं, जुन्या सनदा एवढ्या एकदा पाहून घ्याव्यात. पदकाच्या कडेवरचं नाव वहीत उतरवावं, गल्ली आणि मोहीम लिहावी. आपण दरवर्षी 29 डिसेंबरच्या अंकात अशा नावांना अर्धा रकाना दिलात तर सुरुवात होईल. दगड पुढे बघू.

माझी पहिली नोंद: जाधव, दानाओळी, लष्कर. टांगा, 1914. पहिलं नाव कुणाच्या घरी ठाऊक असेल तर कळवावं.

एक निवृत्त शिक्षिका,
जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर