"का फिटेल" हा रकाना: नियोजनमंत्र्यांना खुले पत्र

मा. नियोजन व सांख्यिकी मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर यांस

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे. कन्नड वाचतो, बाजारात बोलतोही, पण आकड्यांचा विचार मला मराठीतच करता येतो. आपल्या खात्यात तरजुमा करणारं कुणी ना कुणी असेलच.

मी बेळगावच्या एका सहकारी सोसायटीत एकतीस वर्षं हिशेबनीस होतो. वडगावात घर, शिवारात वडिलार्जित दीड एकर भातजमीन. आता रिकामा आहे, त्यामुळे पेपर कोपऱ्यापर्यंत वाचतो. त्यात रोज २०४७ असतं. त्या साली देश असा असेल, राज्य तसं असेल, उत्पन्न इतकं, कारखाने तितके. वाचून झालं की एकच प्रश्न पडतो: यातलं काय चुकलं ते कुठल्या वहीत लिहिणार आहात?

प्रश्न कुचकट वाटेल. तसा नाही.

सोसायटीत कर्ज उपसमितीचं इतिवृत्त मी लिहायचो. कुणाला किती, कशासाठी, तारण काय, जामीनदार कोण, हे रकाने सगळीकडेच असतात. आमच्या जुन्या चेअरमनांनी एक जादा रकाना घातला होता: "का फिटेल". नुसता आकडा नको, कारण लिहा म्हणायचे. कर्ज म्हणजे तरी दुसरं काय? पाच-सात वर्षांनी गाव कसं असेल, लोक काय विकत घेतील, पाऊस कसा लागेल, यावर लोकांच्या ठेवी लावायच्या. तुम्ही ज्याला दूरदृष्टीचा आराखडा म्हणता ते आम्ही दर मंगळवारी चहा पिता पिता करत होतो. फरक एवढाच, की आमचं चुकलं तर थकबाकीत दिसायचं.

३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू बोलले, दिल्लीत तेव्हाचे दूरसंचारमंत्री सुखराम यांनी घेतला. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या समितीने एसटीडी बूथसाठी चार कर्जं मंजूर केली. एक माझ्या मेव्हण्याचं होतं, म्हणून मी बोललो नाही. एका संचालकांनी शंका काढली तेव्हा दुसरे म्हणाले, "फोन कुठं बंद पडूलाय? उलट घरोघरी येऊलाय." मी "का फिटेल"मध्ये लिहिलं: फोनचा वापर वाढतच जाणार. पिवळा बोर्ड, काचेची खोली, लाल आकड्यांचं मीटर. रात्री अकरानंतर पाव दर लागला की गावी फोन करायला बाहेर रांग लागायची. पहिली काही वर्षं हप्ते घड्याळासारखे आले.

आमचा अंदाज चुकला का? अजिबात नाही. फोनचा वापर वाढतच गेला, आम्हाला वाटला त्याच्या शंभरपट वाढला, आणि म्हणूनच बूथ बुडाले. मेव्हण्याच्या खोलीत पुढे झेरॉक्स आलं, मग मोबाईल रिचार्ज, आता तिथे मोमोज मिळतात. दिशा बरोबर असूनही पैसे जातात, हे मी त्या चार खात्यांवरून शिकलो. तुमच्या आराखड्यात सगळा भर दिशेवर असतो. डिजिटल वाढेल, शहरं वाढतील, वीज वाढेल. वाढेलच हो. पण त्या वाढीत बूथवाला कोण ठरणार, हे कुणी लिहीत नाही.

नियोजन आयोगाच्या एका समितीने २००२ साली २०२० चा भारत कसा असेल याचा अहवाल केला होता. २०२० उजाडलं तेव्हा आम्ही सगळे दारं लावून घरात बसलो होतो. साथीचा अंदाज यायला हवा होता असं मी म्हणत नाही. पण २०२१ साली कुणी तो अहवाल काढून पानोपानी बरोबर-चूक अशा खुणा केल्या का? आमच्याकडे दर मार्चअखेर जुनी कर्जं काढून "का फिटेल" मोठ्याने वाचायची पद्धत होती. लाज वाटायची. पुढच्या वर्षी मात्र माणूस जपून लिहायचा.

फिलिप टेटलॉक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. २८४ जाणकारांकडून वीस वर्षं राजकारण-अर्थकारणाचे हजारो अंदाज लिहून घेतले आणि मग शांतपणे ताडून पाहिले. सरासरी जाणकाराची मजल ढोबळ ठोकताळ्यापलीकडे फारशी गेली नाही. ज्यांच्याकडे सगळ्या प्रश्नांना एकच मोठं उत्तर होतं आणि ज्यांचं नाव मोठं होतं, ते जास्त चुकले. नंतरच्या एका स्पर्धेत साध्या माणसांनी चांगली कामगिरी केली. ती टक्क्यांत बोलायची आणि नवी बातमी आली की आकडा थोडा थोडा बदलायची. हे वाचलं तेव्हा आमच्या चेअरमनांची आठवण झाली. ते सातवी पास होते.

आता उद्यमबागेकडे, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीकडे येतो. बेळगावची फौंड्री काय आहे हे आपल्याला सांगायला नको. २०२२ साली एक कारखानदार व्हीएमसी मशीनसाठी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या यंत्रासाठी, कर्ज मागायला आला. काम गाड्यांच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं आणि फ्लायव्हीलचं. मुदत सात वर्षं. तारण चांगलं, माणूस चोख. पण बॅटरीच्या गाडीला धूर नाही, म्हणजे मॅनिफोल्ड नाही. इंजिन ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही, फ्लायव्हील नाही. ब्रेक ड्रम आणि हब राहतात, मोटरचं आवरण नवीन येतं, तेही बहुतेक ॲल्युमिनियमचं, म्हणजे आपल्या बिडाच्या भट्टीचं काम नव्हे. एक संचालक म्हणाले, देऊ नका. दुसरे म्हणाले, ट्रॅक्टर आणि ट्रक कुठे बॅटरीवर चालायला लागलेत? दोघांचंही खरं होतं. आवाज चढले.

मी चिठ्ठ्या वाटल्या. सात वर्षांत या माणसाचं सध्याचं काम निम्म्यावर येण्याची शक्यता शंभरात किती, एवढंच लिहा, बोलू नका. चार चिठ्ठ्या आल्या: २०, ३५, ५०, ७०. सत्तर ज्यांनी लिहिलं त्यांचा भाचा पुण्यात गाड्यांच्या कंपनीत होता, वीस ज्यांनी लिहिलं ते ट्रॅक्टरचे डीलर. मग खरी चर्चा झाली, कोण बरोबर यावर नाही, तर कुणाला काय दिसतंय यावर. कर्ज दिलं, पण मुदत पाच वर्षं केली. हायड्रॉलिक्सची कामंही निघतील असं मशीन घ्यायला लावलं, आणि दोन वर्षांत चौथा हिस्सा काम गाड्यांच्या बाहेरचं असावं अशी अट घातली. त्याने कुरकुर केली, पण सही केली. माझ्या निवृत्तीपर्यंत एकही हप्ता चुकला नव्हता. तरी आम्ही जिंकलो असं म्हणणार नाही, मुदत पुरी झाल्यावर बोलू.

आम्हाला भविष्य कळलं नव्हतं. चार भविष्यं टेबलावर ठेवली, आणि चारांतल्या तिघांत तरेल असं कर्ज दिलं. तुमच्या आराखड्यात भविष्य एकच असतं, आणि त्याचा फोटो फार सुंदर असतो.

सगळंच धूसर आहे असंही नाही. वय खोटं बोलत नाही. २०४७ ला जो साठीचा असेल तो १९८७ लाच जन्मलाय, त्याला मोजता येतं. देशात साठीपुढची माणसं २०११ साली शंभरात ८.४ होती, २०३६ ला १४.९ होतील असं केंद्राच्याच तज्ज्ञगटाचं गणित आहे. कर्नाटकात एका बाईमागे मुलं १.७, लोकसंख्या टिकायला २.१ लागतात. खानापूर तालुक्यात माझं आजोळ आहे, तिथल्या मराठी शाळेत गेल्या वर्षी सात मुलं होती. जुनी पितळी घंटा कपाटात ठेवली आहे, आता शिक्षिका टाळी वाजवून मुलांना आत बोलावतात. तरणी माणसं गोव्याला, पुण्याला. गावात मागे राहिलेल्यांना गुडघ्याचा डॉक्टर लागणार आहे, हे सांगायला कुठलाही तज्ज्ञ नको. तरीही मोजणी लागतेच. जिल्ह्याची लोकसंख्या ४७.८ लाख हा आकडा २०११ चा आहे, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७. मधली सोळा वर्षं आपण सगळे जुन्या खतावणीवर नवी कर्जं देत आलो.

शिवाराचं आता सांगतो, कारण ते माझं स्वतःचं आहे.

बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगतो आणि वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या भातात शिरतो. रोप लावलं की दोन आठवड्यांत पाणी, पाणी ओसरलं की दुबार लावणी. आमचा बासमती वासाचा आहे, पण आठ दिवस पाण्याखाली राहिला की वास दुसराच येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अख्ख्या जिल्ह्यानेच पाणी पाहिलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा. अधिकारी म्हणतात, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर. ऐकणाऱ्याला वाटतं, आला, आता नातवंडांना बघू दे. साहेब, हे व्याजासारखं मोजायचं असतं. दर वर्षी शंभरात एक शक्यता धरली तर तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. तीस वर्षांच्या कर्जाला चौथा हिस्सा धोका असेल तर आमची समिती दुसरा जामीनदार मागेल. आणि हे गणितसुद्धा पाऊस पूर्वीसारखाच पडेल असं धरून. गटार, पूल, जलवाहिनी हे सगळे तीस-तीस वर्षांचे अंदाज आहेत, फक्त सिमेंटमध्ये लिहिलेले.

अंदाज दोन प्रकारचे असतात. बूथ बुडाला, खोलीत झेरॉक्स आलं. चूक निस्तरली. भाताच्या काळ्या मातीवर मुरूम आणि डांबर पडलं की ती माती परत येत नाही. हलगा-मच्छे बायपासवरून आमच्या शेतकऱ्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या त्या आपल्याला ठाऊक आहेत. त्या वादात इथे शिरत नाही. माझं म्हणणं एवढंच, की जी चूक पुसता येत नाही तिथे "का फिटेल"चा रकाना मोठा हवा, आणि तो आम्हाला वाचता येईल अशा भाषेत हवा.

विश्वेश्वरय्यांच्या नावाचं तंत्रज्ञान विद्यापीठ आमच्या मच्छ्याला आहे. त्यांनी १९३४ साली देशाचं उत्पन्न दहा वर्षांत दुप्पट करायची योजना मांडली होती. ती पटो न पटो, दहा वर्षांनी ताडून बघता येईल असा आकडा त्यांनी दिला. फिनलंडच्या संसदेत १९९३ पासून भविष्य समिती आहे. तिथलं सरकार दर कार्यकाळात भविष्याचा अहवाल संसदेपुढे ठेवतं आणि समिती त्याला उत्तर देते. आपल्याकडे हलग्याजवळ सुवर्णसौध, म्हणजे विधिमंडळाची बेळगावातली इमारत आहे, २०१२ पासून. हिवाळी अधिवेशनाचे दिवस सोडले तर तिथे शांतताच असते. दर अधिवेशनात दोन तास द्या. दहा वर्षांपूर्वी या जिल्ह्याबद्दल काय म्हटलं होतं ते वाचा, बरोबर-चूक सांगा, पुढच्या दहांचे आकडे टक्क्यांत लिहा. कन्नड, मराठी, उर्दूत छापा. उद्यमबागेचा मोल्डर, वडगावचा मागवाला, निपाणीची विडी कामगार बाई यांच्याकडूनही चिठ्ठ्या घ्या. खर्च चहाचा.

दुसऱ्याला टक्के मागायचे तर आपलेही द्यावेत, म्हणून माझे लिहितो. २०२६ ते २०३५ या दहा पावसाळ्यांत बळ्ळारी नाला किमान सहादा भातात शिरेल: ९०. उद्यमबागेत २०३५ साली भट्ट्या चालू असतील: ९५. पण इंजिनाच्या भागांवरच निम्म्याहून जास्त पोट असलेले कारखाने आजच्या निम्म्यावर आलेले असतील: ५५. आजोळची शाळा २०३० पर्यंत बंद पडेल: ७०. सीमाप्रश्नाचा २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा २०३५ पर्यंत निकाली निघेल: ४०. ("औंदा मिटतंय बघ" हे मी लहानपणापासून ऐकतोय, त्यामुळे हा आकडाही चढाच असेल.) माझा नातू २०३५ ला बेळगावातच नोकरी करत असेल: ३०. हा शेवटचा सूनबाईंना दाखवलेला नाही.

हा कागद पाकिटात घालून सोसायटीच्या तिजोरीत ठेवला आहे. १ जानेवारी २०३६ ला उघडायचा, असं वर लिहिलंय. आपल्या आराखड्याची प्रत आली तर शेजारी जागा आहे.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
वडगाव, बेळगाव