कमिटी बोटीवरच्या काकांना खुले आभारपत्र

मुंबई

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

मोसम संपला, पावसाळ्यासाठी बोटी वर ओढून झाल्या आणि आपले आभार मानायला आता कुठे सवड मिळाली. उभी हयात मालवाहू जहाजांवर काढूनही निवृत्तीनंतर आपण आमच्या क्लबच्या शिडाच्या बोटींच्या शर्यती चालवायला उन्हातान्हात कमिटी बोटीवर, म्हणजे पंचांच्या बोटीवर, बसता, याबद्दल सगळेच आपल्याला धन्यवाद देतात. मला आभार मानायचे आहेत ते शर्यतीनंतर जेटीवर आपण जे समजावून सांगता त्यासाठी. नियम नीट अंगी मुरलेल्याला निम्मे डावपेच आपोआप सुचतात, हे मला त्या गप्पांतून कळले.

पोर्ट टॅकवरच्या, म्हणजे डावीकडून वारा घेणाऱ्या बोटीने स्टारबोर्ड टॅकवरच्या, म्हणजे उजवीकडून वारा घेणाऱ्या बोटीला वाट द्यायची, हा नियम पहिल्याच दिवशी पाठ होतो. पण वाट द्यावी लागणार आहे की नाही, हे ओळखायचे कसे? त्यासाठी आपण घारापुरीचा डोंगर दाखवलात. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटलेला असताना पोर्टवरून उत्तरेकडे जाताना उजवीकडून येणाऱ्या बोटीच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकापुढे, डोंगर उलगडत गेला, तर आपण तिच्या पुढून निघतो. नाळ डोंगर गिळत गेली, तर ती आपल्या पुढून जाते. आणि डोंगराचा एकच कंगोरा तिच्या डोलकाठीमागे खिळून राहिला, तर टक्कर ठरलेली. ही खूण पटली की निर्णयाला पुरेसा वेळ मिळतो, आणि पुढचा निर्णय भरती-ओहोटीवर सोपवता येतो. ओहोटीचा जोर कुलाब्याच्या किनाऱ्यालगत कमी असतो, म्हणून तेव्हा समोरच्या बोटीच्या वाऱ्याआड, म्हणजे वारा वाहत जातो त्या बाजूला, टॅक करून (नाळ वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या बाजूने घेऊन) तिच्याबरोबर किनाऱ्याकडे निघावे. मात्र टॅक पुरा होईपर्यंत तिला वाट देण्याची जबाबदारी आपलीच असते, आणि त्यानंतरही तिला बाजूला व्हायला अवसर द्यावा लागतो. भरतीचा प्रवाह बंदराच्या मध्यावर जोरात असतो. तेव्हा मेनसेलची शीट, म्हणजे मुख्य शिडाची दोरी, आधीच सैल सोडून तिच्या पिछाडीमागून वेगात निघून जाणे फायद्याचे. "स्टारबोर्ड!" अशी आरोळी ऐकून ऐन वेळी सुकाणू झटकणाऱ्याला यातले काहीच साधत नाही.

स्टारबोर्डवाल्यांनाही आपण मोकळे सोडले नाहीत. ज्याला वाट मिळायची आहे त्यानेही दिशा बदलताना समोरच्याला बाजूला होण्यापुरती जागा द्यायची असते आणि शक्य असेल तोवर टक्कर टाळायचीच असते. हा नियम आमच्यातल्या काही जोरकस आवाजाच्या मंडळींना अजून पचलेला नाही, पण ते असो.

सुरुवातीच्या रेषेवर, शेवटच्या मिनिटाला, वाऱ्याच्या अंगाच्या बोटीने वाऱ्याआडच्या बोटीपासून दूर राहायचे, एवढे एक ध्यानात ठेवले तरी पुष्कळ गोंधळ टळतो. तिथेही उधाणाच्या दिवशी भरती बोटीला रेषेपलीकडे ढकलते आणि ओहोटी मागे खेचते, हे धरूनच जागा निवडावी लागते. वारा पडला आणि ओहोटी मागे नेऊ लागली तर सरळ नांगर टाकावा, नियमाला ते मंजूर आहे, हे आपण सांगितलेत तेव्हा आम्ही हसलो होतो. पुढे एका शर्यतीत नांगर टाकून थांबलेली एकुलती एक बोटच पुढे राहिली.

वाऱ्याच्या दिशेने उतरताना खालच्या बोयाची, म्हणजे वळसा घालायच्या तरंगत्या खुणेची, लढाई बोयापाशी होत नाही, बोटीच्या तीन लांब्यांइतके आधीच निकालात निघते, हेही आपलेच शिकवणे. पहिली बोट त्या टप्प्यात शिरताना ज्याने आतल्या बाजूने ओव्हरलॅप साधला, म्हणजे आपली बोट निदान काही अंशी दुसरीच्या शेजारी आणली, त्याला बाहेरच्याने वळायला जागा द्यायची. म्हणून त्यासाठीची धडपड त्याआधी उरकायची, नंतर आरडाओरड करून उपयोग नाही. आणि चूक झालीच तर वाद न घालता शिक्षा म्हणून बोटीच्या जागच्या जागी दोन फेऱ्या मारून मोकळे व्हायचे.

सर्वांत जास्त ऋण मात्र शर्यतीबाहेरच्या पाण्यासाठी आहे. न्हावा-शेव्याच्या कंटेनर जहाजापुढे आमचे स्टारबोर्ड चालत नाही. चॅनेलमध्ये त्याला अडथळा न करणे हे शिडाच्या बोटीवर 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांनीच बंधनकारक आहे. जाळी टाकलेल्या मासेमारी बोटीलाही आम्हीच वाट द्यायची. जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या उंच कक्षातून, नाळेजवळची छोटी होडी दिसतच नाही, हे स्वतः तिथे उभे राहिलेल्या माणसाने सांगितले, म्हणून ते आमच्या डोक्यात शिरले.

2025 पासून लागू झालेली शिडाच्या शर्यतींची नवी नियमावली क्लबात आली आहे. ऑक्टोबरात बोटी पाण्यात उतरण्यापूर्वी तीतील बदल नव्या मुलांना आपणच समजावून सांगावेत, अशी आम्हा सर्वांची विनंती आहे.

कळावे,
आपला ऋणी,
क्लबातील एक सुकाणूधारी